जुनी टायटल फाईट पुन्हा बघताना गुण कसे द्यायचे: जोन्स-गुस्टाफसन, पाच चिठ्ठ्या आणि एक डबा

एमएमएची, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती असं सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या खेळाची, गाजलेली जुनी लढत लावायची, पाच-सहा जण जमवायचे आणि लढत संपल्यावर तासभर "त्याला हरवलं राव, जिंकला होता तो" म्हणून भांडायचं. आमच्या सोलापुरात रविवारी सकाळी हे इतक्यांदा झालंय की शेवटी मी कागद-पेन घेऊन बसायला लागलो. तेव्हा कळलं की भांडण लढतीवर होतच नव्हतं. प्रत्येक जण शेवटचा राउंड आणि दोन-तीन ठसठशीत प्रसंग आठवून बोलत होता. मधल्या पंधरा मिनिटांत काय झालं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तालमीतून आलेल्यांची अडचण वेगळी. त्यांची नजर तयार असते, पण कुस्तीच्या मोजपट्टीवर. पट निघाला, म्हणजे पाय धरून समोरच्याला पाडलं, की ते उठून उभे राहतात, आणि त्यांच्या लेखी राउंड तिथेच संपलेला असतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा, क्रम बदलला की सगळं फिसकटतं. लढतीचा निकाल आठव्या टप्प्यात दिलाय. माहीत नसेल तर त्याआधी मोबाईलवर शोधू नका.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवतो. मराठीत "पंच" म्हणजे न्याय देणाराही आणि इंग्रजी ठोसाही. म्हणून इथे गुण देणाऱ्याला जज म्हणतोय, हाताने मारलेल्याला ठोसा, आणि पिंजऱ्यात उभा असतो तो रेफरी.

टप्पा १: लढत निवडा

गुण देण्याचा सराव करायचा असेल तर पूर्ण पाच राउंड चाललेली लढतच हवी. नॉकआउट किंवा सबमिशनने (पकडीत अडकून हार मानण्याने) संपलेल्या लढती बघायला भारी असतात, सरावाला निरुपयोगी. अँडरसन सिल्वा आणि चेल सोनेन यांची ऑगस्ट २०१० मधली ओकलंडची लढत उदाहरणादाखल घ्या. कुस्तीतून आलेला सोनेन चार राउंड वर बसून मारत होता. पाचव्यात, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला असताना, सिल्वाने खालून पायांच्या त्रिकोणात त्याची मान आणि हात अडकवला आणि लढत तिथेच संपली. खोलीत आरडाओरडा होईल, पण पाचवी चिठ्ठी कोरी राहील आणि आधीच्या चारही वाया जातील. ही लढत वेगळ्या कामासाठी ठेवा. खाली असलेला पैलवान हरलेला नसतो, हे वस्तादांना पटवायला तिच्यासारखी दुसरी नाही.

सुरुवातीला मी सुचवतो ती लढत: जॉन जोन्स विरुद्ध अलेक्झांडर गुस्टाफसन, यूएफसी १६५ (यूएफसी ही या लढती भरवणारी कंपनी), टोरांटो, २१ सप्टेंबर २०१३. वजनगट लाइट हेवीवेट, मर्यादा २०५ पौंड, म्हणजे साधारण ९३ किलो. चॅम्पियनचा पट्टा जोन्सकडे होता. मार्च २०११ मध्ये त्याने मॉरिसिओ 'शोगुन' रुआकडून तो घेतला होता आणि तेव्हापासून पाच वेळा राखला होता. आव्हान देणारा गुस्टाफसन स्वीडनचा. त्याच्यावर फारशी कुणी आशा ठेवली नव्हती.

हीच का? उंचीमुळे. जोन्स सहा फूट चार इंच, हातांचा पल्ला साडेचौऱ्याऐंशी इंच. तोवर बहुतेक प्रतिस्पर्धी त्याच्यापेक्षा बुटके असायचे आणि तो त्यांना लांबूनच फोडायचा. गुस्टाफसन सहा फूट पाच इंचाचा निघाला. त्यामुळे राउंड अटीतटीचे झाले, आणि अटीतटीच्या राउंडवरच गुण देणाऱ्याची परीक्षा होते.

इशारा: 'हायलाइट' नावाची आठ-दहा मिनिटांची चित्रफीत घेऊ नका. तिच्यात फक्त लागलेले फटके असतात, हुकलेले कापलेले असतात. हुकलेले न बघता लागलेल्यांची किंमत ठरवता येत नाही.

तपासा: पाच मिनिटांचे पाच राउंड आणि मधली एकेका मिनिटाची चार विश्रांती, म्हणजे पहिल्या घंटेपासून शेवटच्या भोंग्यापर्यंत २९ मिनिटं. विश्रांती कापलेली असेल तर २५ चालतील. त्याहून कमी भरली तर अधिकृत सेवेवर पूर्ण लढत शोधा.

टप्पा २: वेळ, खोली, सामान

मार्च ते मे दुपारी बसू नका. पारा चाळिशीच्या वर गेला की तिसऱ्या राउंडपर्यंत निम्मे जण पंख्याखाली आडवे होतात आणि आडवा माणूस शेजाऱ्याची चिठ्ठी बघून गुण देतो. सकाळी सातला बसा, साडेआठला मोकळे व्हा. संक्रांतीच्या आसपासचा रविवारही टाळा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत अर्धी मंडळी नंदीध्वजांमागे असतात आणि उरलेली होम मैदानावर पाळण्यांपाशी.

सामान थोडं आहे:

माणशी पाच कोऱ्या चिठ्ठ्या, पोस्टकार्डाएवढ्या. वहीचं एकच पान पाच राउंडसाठी वापरू नका, कारण पुढे सांगतो.

माणशी एक पेन. पेन्सिल नको, खोडता येते.

झाकणाला चीर पाडलेला एक डबा.

टीव्हीच्या पडद्यावर आकडेवारी झळकते तिथे चिकटवायला पुठ्ठ्याची पट्टी. राउंड संपल्यावर कुणी किती फटके मारले याचे आकडे पडद्यावर येऊ शकतात, आणि ते एकदा दिसले की डोक्यातून जात नाहीत.

आवाज पूर्ण बंद. यावर दरवेळी कुरकुर होते, पण माघार घेऊ नका. समालोचक एकाच्या फटक्याला "ओहो" म्हणतो आणि दुसऱ्याच्या तितक्याच जोराच्या फटक्याला श्वास घेत असतो. प्रेक्षकांचा गलका त्याहून वाईट. गल्लीतल्या कुस्तीत हलगीवाला ज्याच्या बाजूने वाजवतो तो पैलवान आपल्याला जास्त चपळ वाटतो की नाही? तसंच हे. आवाज बंद असल्याने राउंडचा भोंगा ऐकू येणार नाही, तेव्हा पडद्यावरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवायला आणि रिमोट सांभाळायला एक माणूस नेमा. त्याला आपण घड्याळजी म्हणू.

निकाल आधीच माहीत असलेल्यांपैकी एकाला घड्याळजी करा. बाकीच्यांना गुण देऊ द्या, पण त्यांनी चिठ्ठीचा कोपरा दुमडायचा. त्या चिठ्ठ्या वेगळ्या मोजायच्या. निकाल ठाऊक असलेला माणूस कितीही प्रामाणिक असला तरी अटीतटीच्या राउंडला त्याचं पेन नकळत विजेत्याकडे वळतं. माझंही वळलंय.

मोबाईल सगळ्यांचे एका पिशवीत. खाणं शेवटी. शेंगाचटणीच्या तेलकट बोटांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या मी वाचून बघितल्यात. ४८ आहे का ४६, शेवटपर्यंत कळलं नाही.

टप्पा ३: मोजपट्टी पक्की करा

इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट, म्हणून बसल्यावर पंधरा मिनिटं यालाच द्या.

पाया सोपा. प्रत्येक राउंड स्वतंत्र. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९. एकतर्फी झाला तर १०-८. १०-१० नियमात आहे, पण अगदी क्वचित देतात. आपल्या खोलीत तो बंदच ठेवा, नाहीतर लोक डोकं चालवायचं टाळायला तोच वापरतात.

आता राउंड कुणाचा, हे कसं ठरवायचं? पायऱ्या तीन, आणि त्या एकाखाली एक आहेत.

पहिली पायरी: परिणामकारक फटके आणि परिणामकारक झोंबी. कुणाच्या मारण्याने किंवा पकडीने समोरच्याचं जास्त नुकसान झालं, लढत संपण्याच्या जास्त जवळ कुणी आणली? इथे फरक दिसला की थांबायचं. राउंड दिला, संपला.

दुसरी पायरी: पहिलीवर दोघे खरंच समसमान असतील तरच. परिणामकारक आक्रमकता. नुसतं पुढे चालत जाणं यात धरत नाहीत. पुढे जाऊन तोंडावर खाणारा आक्रमक नसतो.

तिसरी पायरी: दुसरीही समान निघाली तर पिंजऱ्यावरचा ताबा. कोण जागा ठरवत होता, कोण मागे रेटला जात होता.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे या तिन्ही पायऱ्यांची बेरीज करणे. "फटके याचे थोडे जास्त, पण पुढे तो जात होता आणि मधली जागाही त्याचीच, म्हणजे दोन विरुद्ध एक." असं होत नाही. वरची पायरी निकाल देत असेल तर खालच्या दोन बघायच्याच नाहीत. माझ्या अंदाजाने तुमच्या पाच राउंडपैकी फार तर एकात दुसऱ्या पायरीवर उतरावं लागेल. तिसरीवर उतरलात तर राउंड नीट बघितला नाही असं समजा.

आता तालीमवाल्यांसाठी खास. गादीवरच्या कुस्तीत ताबा घेतला की गुण मिळतो, मग पुढे काही झालं नाही तरी चालतं. इथे तसं नाही. नियमांच्या भाषेत टेकडाउन, म्हणजे खाली पाडणं, हा नुसता जागाबदल धरत नाहीत, त्यातून हल्ला उभा राहायला हवा. पट काढला, खाली पाडलं आणि समोरचा चार सेकंदांत उठून उभा राहिला, तर त्या पटाची किंमत जवळजवळ शून्य. पट काढून वरून कोपराने मारलं, मान धरली, दम कोंडला, तर किंमत भरपूर. आणि पाठीवर पडलेला खालून जास्त नुकसान करत असेल तर राउंड त्याचा. चितपट हा शब्दच या खेळात नाही.

आमच्या खोलीतले एक वस्ताद पहिल्यांदा बसले तेव्हा पहिला पट निघाल्यावर म्हणाले, "संपला की बे राउंड, आता काय बघायचं?" त्यांना हे पटवायला मला शब्द सापडेनात. शेवटी त्यांनीच विचारलं, "म्हणजे पट काढणं हे दार उघडणं झालं. आत जाऊन काय केलं ते मोजायचं, असंच ना?" असंच.

फटक्यांच्या बाबतीतही एक गोष्ट ठरवून घ्या: लगेच दिसलेला परिणाम साठत गेलेल्या परिणामापेक्षा जड. पाय लटपटले, डोळे फिरले, झोक जाऊन पिंजऱ्याला टेकला, हे एका बाजूला. दहा हलके जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) दुसऱ्या बाजूला. पहिलं सहसा जड भरतं. पण जॅब दहाऐवजी तीस असतील, समोरच्याचं नाक त्यांनीच फुटलं असेल, तर पुन्हा विचार करा.

रक्ताचा हिशोब वेगळा. जखम ज्या राउंडला झाली त्या राउंडला धरा. तीच जखम पुढच्या राउंडला वाहत असेल तर तिचे पुन्हा गुण नाहीत. चेहरा बघून गुण देणारे इथे हमखास फसतात, कारण काहींची कातडी लवकर फाटते आणि काहींना मार लागूनही चेहरा कोरा राहतो.

इशारा: वरच्या तीन पायऱ्या इतक्या स्पष्ट शब्दांत २०१७ पासून लागू आहेत. आपली लढत २०१३ ची. तेव्हाही फटके आणि झोंबी यांनाच अग्रक्रम होता, पण भाषा इतकी घट्ट नव्हती आणि १०-८ देताना जजांचा हात आजच्यापेक्षा आखडता असे. आम्ही आजच्या पायऱ्या वापरतो, १०-८ मात्र जुन्या काळासारखा जपून देतो. तुम्हीही सुरुवातीलाच काय ते ठरवा. लढत चालू असताना मोजपट्टी बदलायची नाही.

रेफरीचं काम आपल्या डोक्यावर घेऊ नका. बोट डोळ्यात गेलं, पिंजऱ्याची जाळी धरली, तर गुण कापायचा की नाही हे रेफरी सांगतो. त्याने कापला तरच तुम्ही वजा करायचा.

तपासा: चिठ्ठ्या वाटण्याआधी प्रत्येकाला एक प्रश्न विचारा. "एकाने तीनदा पाडलं, दरवेळी दुसरा लगेच उठला, आणि दुसऱ्याच्या एका कोपराने पहिल्याचे पाय लटपटले. राउंड कुणाचा?" जो पाडणाऱ्याचं नाव घेईल त्याला हा टप्पा पुन्हा ऐकवा.

टप्पा ४: चिठ्ठी आखा

चिठ्ठीच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे "जो", उजवीकडे "गु". वर राउंडचा आकडा. खाली पाच आडव्या ओळी, मिनिटाला एक.

खुणा चारच ठेवा. साधा लागलेला फटका म्हणजे टिंब. परिणाम दिसलेला फटका म्हणजे टिंबाभोवती गोल. पट निघाला तर "प". पटानंतर खरा हल्ला झाला तर त्याच "प"खाली रेघ.

सगळे फटके टिपायचा हट्ट धरू नका. मान खाली घालून टिंबं मारत बसलात तर दोन फटके कागदाकडे बघतानाच निघून जातात. साध्या टिंबांत चूक झाली तर फारसं बिघडत नाही, गोल मात्र सुटता कामा नये. पहिल्यांदा बसणाऱ्याने टिंबं सोडून द्यावीत आणि फक्त गोल व "प" टिपावेत.

आडव्या ओळी का? कारण डोक्याला राउंडची शेवटची तीस सेकंदं जास्त आठवतात. मिनिटांच्या ओळी असल्या की पहिल्या चार मिनिटांत काय झालं ते डोळ्यांसमोर राहतं.

टप्पा ५: राउंड बघा, चिठ्ठी टाका

क्रम असा:

१. घड्याळजी राउंड सुरू करतो. त्यानंतर खोलीत बोलणं बंद. "बघितलं का?" हेसुद्धा नाही.

२. पडद्यावरचं घड्याळ शून्यावर आलं की घड्याळजी तिथेच चित्र थांबवतो.

३. तीस सेकंदं. प्रत्येकाने आपल्या खुणा बघून खाली आकडा लिहायचा, १०-९ किंवा ९-१०, आणि त्याखाली एकच वाक्य: राउंड कशावरून दिला.

४. चिठ्ठी घडी करून डब्यात. आता ती परत निघणार नाही.

५. विश्रांतीचं मिनिट पुढे ढकला आणि थेट पुढचा राउंड.

पाचवी पायरी लोक हमखास चुकवतात. विश्रांतीत राउंडमधले एक-दोन फटके संथ गतीने पुन्हा दाखवतात. ते कुठले दाखवायचे हे दिग्दर्शक निवडतो. संथ गतीत प्रत्येक फटका दुप्पट जोराचा दिसतो. शिवाय कोपऱ्यात पैलवानाचा चेहरा जवळून दिसतो आणि टप्पा ३ मधली रक्ताची चूक पुन्हा डोकं वर काढते.

चौथी पायरी ही सगळ्या खटाटोपाचा खिळा. प्रत्यक्षातही जजांच्या चिठ्ठ्या राउंड संपला की गोळा करतात, त्यांना मागे जाऊन आकडा बदलता येत नाही. आम्ही पहिल्यांदा बसलो तेव्हा प्रत्येकाकडे एकच कागद होता आणि तो शेवटपर्यंत हातातच होता. पाचवा राउंड संपल्यावर तीन जणांनी तिसऱ्या राउंडचे आकडे खोडून बदलले, "आता कळलं तो कसा होता" म्हणून. त्या दिवशीचे कागद मी फाडून टाकले.

इशारा: "आधीचा राउंड त्याला दिला, मग हा याला देऊ" असा समतोल साधू नका. आणि "पट्टा घ्यायचा तर चॅम्पियनला ठळकपणे हरवावं लागतं" हा नियम नसून फक्त बोलण्याची पद्धत आहे. चॅम्पियन आणि आव्हानवीर दोघे शून्यापासून सुरू करतात.

टप्पा ६: या लढतीत नजर कुठे ठेवायची

हे राउंड लावण्याआधीच वाचून ठेवा. राउंड कुणाचा ते मी सांगत नाही. फक्त कुठे फसायला होतं तेवढं.

पहिल्या राउंडमध्ये दोन गोष्टी घडतात. जोन्सच्या उजव्या डोळ्यावर जखम होते, आणि गुस्टाफसन त्याला खाली पाडतो. यूएफसीत जोन्सला कुणी पाडण्याची ही पहिलीच वेळ. म्हणून हा प्रसंग जगभर गाजला आणि म्हणूनच तो धोक्याचा. "पहिल्यांदाच पडला" ही बातमी झाली, गुण झाला नाही. पाडल्यानंतर काय झालं ते बघा आणि "प"खाली रेघ येते का ते ठरवा. जखम मात्र याच राउंडला धरायची.

पूर्ण लढतभर जोन्सच्या लांब पायांकडे लक्ष द्या. तो समोरच्याच्या मांडीवर, गुडघ्याच्या वरच्या बाजूला सरळ लाथ ढकलतो. आवाज बंद असताना ही लाथ अगदी निरुपद्रवी दिसते. ती लागल्यावर गुस्टाफसनची चाल बदलते का, पाय मागे घेतो का, तेवढं बघा. बदलली तर गोल, नाहीतर टिंब.

गुस्टाफसनचं काम हातांचं आणि पायांच्या हालचालीचं. दोन-तीन ठोशांची जोडी मारून तो कडेने निघून जातो. त्याचे काही ठोसे हातावर, खांद्यावर अडतात. अडलेल्या ठोशाला खूण नाही. जोन्सचे पटाचे प्रयत्नही तसेच मोजा, म्हणजे अडवलेले सोडून द्या. पण अडवणाऱ्यालाही नुसतं अडवल्याबद्दल गुण नाहीत. अडवून उलटा मारला तर त्या माराचे.

चौथ्या राउंडबद्दलचं हे दोनदा वाचल्याशिवाय तो लावू नका. त्याच्या शेवटाकडे जोन्सचा गिरकी घेऊन मारलेला कोपर लागतो आणि चित्र पालटतं. इथे खोली दोन तटांत फुटते. एक म्हणतो, चार मिनिटं दुसऱ्याची होती. दुसरा म्हणतो, त्या कोपराने जवळजवळ लढत संपली होती. दोघांनाही बोलू देऊ नका, आपापल्या चिठ्ठीकडे बघायला सांगा. वरच्या चार ओळींत नुसती टिंबं आहेत का गोलही आहेत? आणि पाचव्या ओळीतला गोल केवढा? उत्तर टप्पा ३ च्या पहिल्या पायरीतच आहे, दुसरीवर उतरायची गरज नाही.

पाचव्याला दोघे दमलेले असतात. दमलेला माणूस हरतोय असं दिसतं. दमणं मोजत नाहीत, लागलेलं मोजतात.

टप्पा ७: डबा उघडा, बेरीज करा

चिठ्ठ्या माणसाप्रमाणे लावा, कोपरे दुमडलेल्या बाजूला काढा. बेरीज मोठ्याने करा, सगळ्यांसमोर.

तपासा: पाचही राउंड १०-९ असतील तर दोघांच्या एकूण गुणांची बेरीज ९५ आलीच पाहिजे. ४८ आणि ४७, ४९ आणि ४६, ५० आणि ४५, कुठलीही जोडी घ्या. एखादा १०-८ दिला असेल तर ९४. दुसरं काही आलं तर कुणीतरी राउंड लिहायचा विसरलाय किंवा घाईत १०-१० ठोकलाय. आकडे उलट्या रकान्यात लिहिले असतील तर मात्र बेरीज बरोबरच येईल. ती चूक पकडायला आकड्याखालचं वाक्य कामी येतं. "जोन्सच्या कोपराने पाय गेले" असं लिहून १० गुस्टाफसनच्या खाली असेल तर चूक उघड आहे.

टप्पा ८: अधिकृत निकालाशी ताडून बघा

इशारा: डबा उघडला नसेल तर इथून पुढे वाचू नका.

तिन्ही जजांनी लढत जोन्सला दिली: ४८-४७, ४८-४७ आणि ४९-४६. सहाव्यांदा त्याने पट्टा राखला आणि या वजनगटात टिटो ऑर्टिझचा पाच वेळा राखण्याचा विक्रम मोडला. त्या रात्री दोघांनाही रुग्णालयात न्यावं लागलं.

आता ४९-४६ वर ओरडा सुरू होईल. "इतकी अटीतटीची लढत आणि तीन गुणांचा फरक?" कागद काढा आणि मांडून दाखवा.

समजा एका चिठ्ठीवर राउंड असे आहेत: गु, गु, गु, जो, जो. बेरीज ४८-४७, गुस्टाफसन. दुसऱ्याने फक्त दुसरा राउंड वेगळा दिला: गु, जो, गु, जो, जो. बेरीज ४८-४७, जोन्स. तिसऱ्याने तिसराही जोन्सला दिला: गु, जो, जो, जो, जो. बेरीज ४९-४६.

पहिली आणि तिसरी चिठ्ठी एकमेकांच्या विरुद्ध टोकाला दिसतात, एक पट्टा या गावाला नेते आणि दुसरी त्या गावाला. प्रत्यक्षात फरक दोन राउंडचा, आणि ते दोन राउंड केसाच्या अंतराने गेलेले असू शकतात. गुणफलक राउंड कुणी जिंकला तेवढंच सांगतो, किती फरकाने जिंकला ते सांगत नाही. म्हणून ४९-४६ बघून "जज झोपला होता" म्हणण्याआधी त्याने कुठले दोन राउंड वेगळे दिले असतील ते शोधा. तिघे जज पिंजऱ्याच्या तीन वेगवेगळ्या बाजूंना बसलेले असतात. पाठमोऱ्या पैलवानाचा ठोसा लागला का हुकला, हे एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. आपल्याला कॅमेऱ्याने निवडलेलं दिसतं.

तुमचा निकाल गुस्टाफसनकडे गेला असेल तर घाबरायचं कारण नाही. त्या रात्रीपासून तसं म्हणणारे खूप आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये दोघे पुन्हा भिडले आणि जोन्सने तिसऱ्या राउंडमध्येच लढत संपवली. ते पुढे करून "बघा, पहिलीही त्याचीच होती" म्हणणारा एक जण प्रत्येक खोलीत असतो. त्याला चहा करायला पाठवा.

टप्पा ९: वादाचा एकच राउंड पुन्हा

सगळी लढत परत लावू नका. चिठ्ठ्यांवरून बघा, कुठल्या राउंडला खोली सगळ्यात जास्त दुभंगलीय. पाचपैकी तीन-दोन असा राउंड शोधा. तेवढाच लावा.

या वेळी दोन गट करा आणि कामं उलटी द्या. ज्यांनी तो जोन्सला दिला त्यांनी फक्त गुस्टाफसनचे गोल टिपायचे. दुसऱ्यांनी फक्त जोन्सचे. मिनिटभरातच लोक गप्प होतात, कारण पहिल्यांदा न दिसलेले फटके दिसायला लागतात. आवाज आताही बंदच. तो शेवटी, सगळं झाल्यावर, तिसऱ्यांदा लावा. मग समालोचकाने काय बोलायचं सोडलं ते ऐकायला मजा येते.

नवा आकडा नव्या चिठ्ठीवर लिहा, जुनी तशीच राहू द्या. दोन्हींवर तारीख घाला आणि टाचणी लावून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी तोच राउंड पुन्हा लावला की जुनी चिठ्ठी न बघता गुण द्या आणि मग जुळवून बघा. माझा स्वतःचा तिसरा राउंड आजवर दोनदा बदललाय.

वस्तादांनी तो तिन्ही वेळा एकालाच दिला. कारणाच्या ओळीत दर वेळी वेगळं वाक्य होतं, पट हा शब्द एकातही नव्हता. पुढच्या रविवारी व्हेली झांग आणि योआना येन्जेचिक यांची मार्च २०२० ची लढत लावतोय. पंचवीस चिठ्ठ्या कापून झाल्यात, डब्याची चीर जरा मोठी करायचीय.